भागभांडवल आणि बहिष्कार : ब्रह्मदेशाचा अनुभव

बहिष्कार हा शब्द आपल्या माणसाला कोशात पाहावा लागत नाही. मजुरी बंद, दुकानातले मीठ-मिरची बंद, गिरणीतले दळण बंद, रानातून जाणारी पायवाट काट्या टाकून बंद. एवढे झाले की कोणी हात न उगारताही वस्ती आठ दिवसांत गुडघ्यावर येते. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर एक सभासद होते, १९३० च्या अहवालात हेच नोंदवून ठेवले आहे. अस्पृश्यांना दडपण्यासाठी याहून परिणामकारक हत्यार सापडणार नाही, उघड मारहाणही त्यापुढे फिकी पडते, असा त्या समितीचा अभिप्राय होता. पुढे गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना ठेवली, तीत बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरविणारी कलमे होती. ही कलमे त्यांनी कोठून घेतली? ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यातून.

ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. इंग्रज सरकारशी सहकार्य करणाऱ्यांवर तेथील राष्ट्रवादी मंडळी बहिष्कार घालीत, म्हणून सरकारने तो कायदा केला होता. म्हणजे तेथे हे हत्यार राज्यकर्त्याविरुद्ध उगारलेले आणि आपल्या गावात तेच हत्यार भूमिहीनाच्या मानेवर. बाबासाहेबांनी हत्याराच्या नावाकडे पाहिले नाही. ते कोणाच्या हातात आहे आणि घाव कोणावर पडतो, एवढेच पाहिले. ब्रह्मदेशातील लष्करशाही आणि तेथून आपले भांडवल काढून घेणारे परदेशी गुंतवणूकदार हा या लेखाचा विषय. त्याकडे मी याच दाराने जाणार आहे. अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके दुसऱ्या दाराने जातात आणि बहुधा बाजाराच्या अंगणातच थबकतात.

प्रथम गुंतवणूकदार म्हणजे कोण ते पाहू. आपल्या डोळ्यांसमोर टाय लावलेला दलाल येतो. पण अमेरिका-युरोपात कंपन्यांच्या भागांचा मोठा हिस्सा निवृत्तिवेतन निधींच्या हाती आहे. शिक्षक, परिचारिका, नगरपालिकांचे कामगार यांच्या पगारातून कापलेला हा पैसा. चर्चच्या संस्था आणि जोगिणींचे संघ यांच्याकडेही भाग असतात. भाग आहे म्हणजे मालकीचा एक तुकडा आहे, आणि मालक वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारू शकतो, ठराव मांडू शकतो. १९७१ साली अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चने जनरल मोटर्सच्या भागधारकांपुढे दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडा असा ठराव ठेवला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये अशा धार्मिक गुंतवणूकदारांचे एक संयुक्त केंद्र उभे राहिले. हे ठराव बहुधा आपटत. शंभरातली पाच-दहा मते पडली तरी मांडणारे खूश असत, आणि त्यात वेडेपणा नव्हता. ठराव पडला तरी संचालकाला भर सभेत उत्तर द्यावे लागते, दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून येते आणि पुढच्या वर्षी तोच ठराव पुन्हा दारात उभा राहतो.

ब्रह्मदेशात २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली. १९८८ च्या ऑगस्टमध्ये देश रस्त्यावर आला, तेव्हा लष्कराने गोळ्या घातल्या आणि सप्टेंबरात नवे लष्करी मंडळ गादीवर बसले. त्या मंडळाने देशाचे नाव म्यानमार केले. १९९० च्या निवडणुकीत आँग सान सू ची यांच्या पक्षाने ३९२ जागा जिंकल्या. सत्ता मिळाली नाही. तिजोरी रिकामी, म्हणून याच मंडळाने परदेशी भांडवलाला दार उघडले.

त्या दारातून सर्वांत मोठा पैसा आला तो समुद्रातल्या वायूचा. यादाना हे वायूक्षेत्र अंदमानच्या समुद्रात आहे. भागी अशी होती : फ्रान्सची तोताल ३१ टक्के, अमेरिकेची युनोकल २८, थायलंडची कंपनी २५, आणि ब्रह्मी सरकारची तेल कंपनी १५. वायू नळाने थायलंडला जायचा, आणि नळ दक्षिणेकडील तनिन्थायीच्या जंगलातून, मोन आणि कारेन लोकांच्या मुलखातून जायचा. त्याच्या राखणीला पलटणी आल्या. पलटणींना रस्ते हवेत, छावण्या हव्यात, ओझी वाहायला माणसे हवीत. घरटी एक माणूस आणा. नाही आला तर दंड भरा. पळाला तर मार. परदेशी अहवालांत याला सक्तीचे श्रम म्हणतात. आपल्याकडे शब्द आहे : वेठ. वतनाच्या नावाखाली रात्री-अपरात्री सरकारी टपाल आणि साहेबाचे सामान पुढच्या गावाला पोचविणाऱ्या महाराला हे वर्णन समजावून सांगण्याची गरज नाही. त्या वेठीविरुद्धच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाचे विधेयक आणले होते.

नळावरच्या खेड्यांतील माणसांनी १९९६ साली अमेरिकेच्या न्यायालयात युनोकलवर दावा लावला. जिवाच्या भीतीने त्यांची खरी नावे गुप्त ठेवली गेली. दाव्याचा आधार १७८९ चा एक कायदा होता. आम्ही वेठ घेतली नाही, लष्कराने घेतली, असे कंपनीचे म्हणणे. तुमच्या नळासाठी घेतली, असे गावकऱ्यांचे. २००५ साली कंपनीने पैसे देऊन तडजोड केली. दरम्यान २००० साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने आपल्या घटनेचे ३३ वे कलम, इतिहासात पहिल्यांदा, ब्रह्मदेशाविरुद्ध वापरले, तेही याच वेठीच्या प्रश्नावर.

भागधारकांची चळवळ याच दशकात जोरावर आली. सू ची तेव्हा सांगत होत्या की आत्ता येथे पैसा आणू नका. लेव्ही स्ट्रॉस ही कपड्यांची कंपनी १९९२ सालीच बाहेर पडली होती. कार्ल्सबर्ग आणि हायनेकेन १९९६ साली निघाल्या, आणि विद्यार्थी व भागधारक यांनी नाकी नऊ आणल्यावर १९९७ च्या जानेवारीत पेप्सीनेही संबंध तोडला. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९६ साली कायदा केला की ब्रह्मदेशाशी धंदा करणाऱ्या कंपनीची निविदा दहा टक्के महाग धरली जाईल. कंपन्यांचा संघ न्यायालयात गेला आणि २००० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. परराष्ट्र धोरण हा केंद्राचा विषय आहे म्हणून.

आता यातले कोण गेले आणि कोण राहिले ते पाहा. सरबत आणि बिअर विकणारे गेले, विजारी शिवणारे गेले. त्यांचे नाव घराघरांत, म्हणून त्यांना लाज लौकर वाटते. वायूवाले राहिले. टेक्साको आणि पुढे ब्रिटिश प्रीमियर ऑइल या कंपन्या निघाल्या. पण निघणाऱ्याचा वाटा दुसऱ्याने घेतला आणि नळ वाहतच राहिला. तोतालचे म्हणणे ठरलेले : आम्ही गेलो तर आमच्याहून वाईट येतील. या युक्तिवादाला गावात फार जुनी परंपरा आहे. सावकारही हेच सांगतो.

नॉर्वे सरकारच्या तेलनिधीचे नीतिमंडळ प्रसिद्ध आहे. २००५ साली त्याच्यापुढे तोतालचे प्रकरण आले. नळ बांधताना जे झाले ते झाले, पुढे तसेच होण्याचा अस्वीकार्य धोका दिसत नाही, म्हणून कंपनीला वगळण्याची शिफारस करता येत नाही, असा निर्णय त्याने दिला. नियमांच्या चौकटीत तो चुकीचा नसेल. पण ज्याने ओझे वाहिले त्याचा भूतकाळ या हिशेबात कोणत्याच रकान्यात बसत नाही, हे मला या सगळ्या व्यवस्थेचे मर्म वाटते. गुंतवणूकदाराची नीती 'पुढे माझा हात विटाळेल काय?' एवढेच विचारते.

दोन वर्षांनी ब्रह्मदेशातच बहिष्काराचे वेगळे रूप दिसले. २००७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने इंधनाचे दर एकदम वाढविले. डिझेल दुप्पट झाले आणि वाहनांचा वायू पाचपट. तोही वायू परदेशी विकणाऱ्या देशात. ५ सप्टेंबरला पकोक्कू येथे सैनिकांनी भिक्खूंना मारहाण केली. भिक्खूंनी मुदत देऊन क्षमा मागण्यास सांगितले. ती मुदत टळल्यावर त्यांनी पात्र पालथे घातले.

पात्र पालथे घालणे हा विनयातला विधी आहे. चुल्लवग्गात वड्ढ नावाच्या लिच्छवीची हकिगत येते. त्याने भिक्खूवर खोटा आरोप केला, तेव्हा संघाने त्याच्याकडून दान न घेण्याचे ठरविले. त्याला आठ कारणे सांगितली आहेत. एकट्या भिक्खूच्या मनाला वाटले म्हणून हे होत नाही, संघात ठराव व्हावा लागतो. आणि उपासकाने चूक कबूल केली की संघ पुन्हा ठराव करून पात्र उलथे करतो. म्हणजे कारण उघड, निर्णय सामुदायिक आणि सुटकेची अट आधीच सांगितलेली. गावकीच्या बहिष्कारात यातले काय असते? शिवाय ज्याच्याकडे पोटापुरते मागण्यापलीकडे काही नाही तोच येथे देणाऱ्याला नाकारतो. सेनापतीच्या विहारातल्या देणग्या, सोन्याचे वर्ख, दूरदर्शनवरचे दानसमारंभ या सगळ्यांतले पुण्य त्याने काढून घेतले. सेनापतींना ते झोंबले, म्हणून तर विहारांवर रात्री धाडी पडल्या.

येथे एक गोष्ट आपण बौद्धांनी स्पष्ट बोलली पाहिजे. बाबासाहेब १९५४ च्या डिसेंबरात रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले होते आणि त्याच महिन्यात देहू रोडच्या विहारात त्यांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसविली. ब्रह्मदेशाशी आपले नाते जिव्हाळ्याचे आहे. पण त्याच देशातल्या काही चीवरधाऱ्यांनी पुढे रोहिंग्या मुसलमानांविरुद्ध विष पेरले, आणि २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या जाळलेली गावे मागे टाकून बांगलादेशात पळाले. चीवर एकच, पात्रही एकच. म्हणून नाते सांगताना कोणाशी सांगतो ते पाहावे लागते.

गुंतवणूकदारांचीही तेथेच पंचाईत झाली. २०११ नंतर लष्कराने थोडे दार किलकिले केले, निर्बंध उठू लागले. जून २०१२ मध्ये सू ची यांनी जिनेव्हात श्रमसंघटनेपुढे सांगितले की गुंतवणूक या, पण हिशेब उघड होईपर्यंत सरकारी तेल कंपनीशी भागीदारी नको. सल्ला शहाणपणाचा होता. पण डिसेंबर २०१९ मध्ये त्याच सू ची हेगच्या न्यायालयात रोहिंग्यांच्या प्रकरणी आपल्या देशाची बाजू मांडायला, म्हणजे प्रत्यक्षात लष्कराचा बचाव करायला, उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षे 'तेथील लोक काय म्हणतात' याचे उत्तर एका बाईच्या तोंडून ऐकण्याची सवय झालेल्यांना आता कोणाला विचारावे ते कळेना. रोहिंग्यांना कोणीच विचारले नव्हते. १९३१ साली लंडनमध्ये अस्पृश्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद गांधीजी आणि बाबासाहेब यांच्यात झाला. त्यात जे पणाला लागले होते तेच येथेही आहे. पीडितांमधला जो सर्वांत खालचा, त्याचा प्रतिनिधी वेगळा असतो.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. या वेळी बहिष्काराची सुरुवात परदेशात झाली नाही. डॉक्टर, शिक्षक, रेल्वे कामगार कामावर गेले नाहीत. लोकांनी विजेची बिले भरणे थांबविले आणि लष्कराच्या मालाची यादी मोबाइलवर फिरू लागली. म्यानमार बिअर दुकानात पडून राहू लागली. ही बिअर जपानची किरीन आणि लष्कराची एक उद्योगसंस्था मिळून काढीत. त्या संस्थेची कागदपत्रे २०२० साली बाहेर आली आणि तिचे भागधारक कोण ते जगाला दिसले : खुद्द लष्करी तुकड्या आणि अधिकारी. रोहिंग्यांच्या मुलखात तैनात असलेल्या तुकड्यांनाही लाभांश मिळत होता. भागधारकांच्या ठरावांनी सेनापतींना हलवू पाहणाऱ्यांना शेवटी सेनापतीच भागधारक भेटले! सत्तांतरानंतर चारच दिवसांत किरीनने भागी मोडण्याची घोषणा केली, आणि प्रत्यक्ष बाहेर पडेपर्यंत जवळपास दोन वर्षे गेली.

तोताल आणि शेवरॉन (युनोकल २००५ साली तिच्यातच विलीन झाली होती) यांनी जानेवारी २०२२ मध्ये निघण्याचे जाहीर केले. तोतालने तीस वर्षे जे ऐकले नाही ते आता ऐकले, याचे श्रेय गुंतवणूकदारांना आणि मानवी हक्कांच्या संघटनांना दिले पाहिजे. पण तिचा वाटा मोबदला न घेता उरलेल्या भागीदारांत वाटला गेला. वायू त्याच नळातून त्याच दिशेला गेला आणि लष्कराला वर्षाला शंभर कोटी डॉलरहून अधिक मिळणे चालूच राहिले.

त्याहून वाईट उदाहरण टेलिनॉरचे. ही दूरध्वनी कंपनी नॉर्वेची, निम्म्याहून अधिक मालकी नॉर्वे सरकारची. ब्रह्मदेशात तिचे सुमारे एक कोटी ऐंशी लाख ग्राहक. संभाषणे चोरून ऐकण्याची यंत्रे चालू करा असा लष्कराचा दबाव, ते आमच्या नीतीत बसत नाही, म्हणून आम्ही विकून निघतो, असे कंपनीने सांगितले. ब्रह्मदेशातील ४७४ संघटनांच्या वतीने तक्रार गेली की तुम्ही जाल, पण आमच्या फोनांच्या नोंदी कोणाच्या हाती देऊन जाल? मार्च २०२२ मध्ये विक्री पुरी झाली, आणि कंपनी लेबनॉनच्या एका समूहाच्या व लष्कराशी सलगी असलेल्या स्थानिक भागीदाराच्या हाती गेली. नॉर्वे शुद्ध राहिला. ज्याचा फोन होता तो उघड्यावर पडला.

याला माझ्या मते बहिष्कार म्हणता येणार नाही. हे सोवळे आहे. विटाळ झाला, स्नान केले, घरात गेले. ज्याच्या स्पर्शाने विटाळ झाला त्याचे पुढे काय, हा प्रश्न सोवळ्याच्या शास्त्रात उद्भवत नाही. वगळलेल्या कंपन्यांच्या याद्या पुष्कळदा याच शास्त्रातून तयार होतात. बहिष्काराला समोर शत्रू लागतो आणि त्याचे धान्य कोठल्या कणगीत आहे याची माहिती लागते.

सेनापतींची कणगी परकीय बँकांत होती. वायूचे डॉलर तेथे जमा होत. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रह्मी तेल कंपनीवर निर्बंध घातले. अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस तिला आर्थिक सेवा देण्यास बंदी केली. एवढ्या एका पावलासाठी ब्रह्मी संघटना सत्तांतराच्या दुसऱ्या महिन्यापासून ओरडत होत्या. उलट यांगूनच्या शिवणकामाच्या कारखान्यांतील बायकांचा प्रश्न खरोखर अवघड आहे. मोठी दुकाने निघाली तर खेड्यातून आलेल्या मुलीची रोजी जाते; राहिली तर संघटना बांधणारीला पोलीस नेतात आणि मालक पाहत राहतो. लष्कराने सत्तेवर येताच १६ कामगार संघटना बेकायदा ठरविल्या. तरी तेथील प्रमुख कामगार महासंघाने कंपन्यांना निघण्यास सांगितले, आणि काही कार्यकर्त्यांचे मत वेगळे पडले. मी महासंघाचे मानतो. भूक त्यांची आहे, तेव्हा ती पत्करायची की नाही हे ठरविण्याचा अधिकारही त्यांचाच. परक्या व्यवस्थापकाने 'गरिबांच्या रोजगारासाठी आम्ही थांबलो' म्हणणे मला ऐकवत नाही.

हे सारे दूरचे आहे असे कोणी समजू नये. अदानी पोर्ट्स ही आपल्याकडची कंपनी. तिने यांगूनमध्ये मालाच्या बंदराचा धक्का उभारण्यासाठी लष्कराच्याच दुसऱ्या एका संस्थेकडून जमीन भाड्याने घेतली. जून २०२१ मध्ये केएलपी या नॉर्वेतील निवृत्तिवेतन कंपनीने त्या कारणावरून अदानी पोर्ट्समधले आपले भाग विकले. रक्कम सुमारे दहा लाख डॉलर, म्हणजे चिल्लर. त्याच सालच्या ऑक्टोबरात अदानींनी बाहेर पडण्याचे जाहीर केले आणि २०२३ च्या मेमध्ये धक्का तीन कोटी डॉलरला विकला. केएलपीत पैसा कोणाचा असतो? नगरपालिकांच्या नोकरांचा, इस्पितळांतल्या परिचारिकांचा.

आणि आपला? अराकानच्या समुद्रातील श्वे वायूक्षेत्रात ओएनजीसी विदेशचा १७ टक्के आणि गेलचा साडेआठ टक्के वाटा आहे. तो वायू २०१३ पासून चीनला जातो. अराकान म्हणजे रोहिंग्यांचाच मुलूख. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधीने २०२३ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे सत्तांतरानंतर भारतातून पाच कोटी डॉलरहून अधिक किमतीची शस्त्रे व त्यांचे साहित्य ब्रह्मी लष्कराकडे गेले. ओएनजीसी, गेल, अदानी पोर्ट्स या तिन्हींत आयुर्विमा महामंडळ मोठा भागधारक आहे. वस्तीतल्या माणसाने विम्याचा हप्ता भरला की त्याचाही तेथे एक कण पोचतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या माझ्यासारख्या प्राध्यापकाच्या पगारातून राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेसाठी दरमहा दहा टक्के कापले जातात आणि त्यातला काही हिस्सा भागबाजारात जातो. माझ्या आईच्या मजुरीतून कोणी काही कापून ठेवले नाही, म्हणून हा कापलेला पैसा मला घरातला पहिला म्हणून अप्रूपाचाही वाटतो. तो कोणत्या कंपनीत गेला आणि त्या कंपनीच्या सभेत माझ्या वतीने कोणी कसे मत दिले, हे विचारण्याचा ठराव मी आमच्या प्राध्यापक संघटनेकडे दिला आहे. विषयपत्रिकेत तो महागाई भत्त्याच्या थकबाकीनंतर, सातव्या क्रमांकावर आला आहे.